आत्याचं सामान

घरातल्या पोरांची ती आत्या होती, भावांची ताई होती आणि दोन्ही भावजयांचीही ताईच होती. हॉस्पिटलच्या शिवणखोलीतसुद्धा तिला कोणी नावाने हाक मारत नसे. भाची लहान असताना एकदा विसरलेला डबा घेऊन तिथे आली आणि दारातूनच "आत्याऽऽ" म्हणून ओरडली. तेव्हापासून नर्सा, वॉर्डबॉय, इतकंच काय, टक्कल पडलेले मोठे डॉक्टरही तिला आत्या म्हणू लागले. "सगळ्या गावाची आत्या झाल्यावर माणसाला नाव हवंय कशाला?" असं ती हसून म्हणायची.

शिवणखोली तळमजल्यावर, धुलाईघराला लागून होती. वाफेने भिंतींचे पोपडे निघालेले, खिडकी कायम दमट. धुऊन आलेली प्रत्येक चादर आत्या उजेडाकडे धरून बघायची. पेशंटच्या अंगाखालची मधली पट्टी सगळ्यात आधी विरते, कडा मात्र कोऱ्या राहतात. मग ती चादर मधोमध उभी फाडायची, दोन्ही कडा आत आणून जोडायची आणि विरलेला भाग बाहेरच्या बाजूला, गादीखाली खोचायला सोडायची. चादर पुन्हा चालायला लागायची. उरलेल्या वेळात ऑपरेशनच्या हिरव्या झग्यांचे तुटलेले बंद, उशांचे अभ्रे, लहान मुलांच्या वॉर्डातले पडदे. काम कधी संपायचं नाही, आणि तिने ते संपावं अशी अपेक्षाही केली नव्हती.

आई गेली तेव्हा धाकट्या भावाला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. मधला शाळेत होता. वडील फिरतीच्या नोकरीवर. चूल, शाळा, आजारपणं, भांडणं, सगळं हिच्याच गळ्यात आलं आणि हिने ते कुरकुर न करता गळ्यात घालून घेतलं. एक स्थळ आलं होतं. मुलगा पोस्टात होता, मोकळा हसायचा, आत्यालाही आवडला होता. "जरा थांबा, धाकट्याची शाळा होऊ दे," असा निरोप गेला. ते लोक थांबले, पुन्हा थांबले, मग दुसरीकडे वळले. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? पुढे मधल्याचं लग्न झालं, मग धाकट्याचं, पोरं झाली, घर भरत गेलं. जसजसं घर भरलं तसतशी आत्याची गादी सरकत गेली. आधी आतल्या खोलीत, मग बाहेरच्या, आणि शेवटी स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात. बोळात एका बाजूला तिची पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या बाजूला शिवणमशीन. रात्री सगळे निजले की गादी अंथरायची, सकाळी कोणी उठायच्या आत गुंडाळायची. "मला बोळच बरा," ती म्हणायची. "दोन्हीकडचं ऐकू येतं."

घर भाड्याचं होतं. घरमालक सज्जन माणूस. त्याची मुलगी संसार घेऊन परत येत होती, म्हणून त्याने संकोचत, दहादा माफी मागत घर रिकामं करून मागितलं. चार दिवस गेले. मग मधल्याने घसा साफ केला आणि सांगितलं की त्याची कंपनी बंद होतेय, नोकरी संपतच आली आहे, मुलगा दुसऱ्या शहरात आहे, सुनेचे दिवस भरत आलेत, तेव्हा ते दोघं आता तिकडेच जातील. धाकटा म्हणाला, "मग आम्ही आता स्वतःचं घर बघतो. किती दिवस दुसऱ्याच्या भिंतीला खिळे ठोकायचे?"

आत्याला कोणी काही विचारलं नाही. तिलाही ते खटकलं नाही. ती धाकट्याकडे राहणार, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की त्यावर विचार करायची वेळच आली नाही.

मग रविवारी रविवारी घरं बघणं सुरू झालं. धाकटा, त्याची बायको आणि आत्या. दलाल मोठा बोलघेवडा होता, जिभेवर साखर आणि पायाला भिंगरी. पण आत्यापुढे त्याची डाळ शिजेना. ती घरात शिरली की आधी सगळे नळ सोडायची, कपाटं उघडून वास घ्यायची, मग स्वयंपाकघरात मधोमध उभी राहून डोळे मिटायची आणि वरच्या मजल्यावरचे आवाज ऐकायची.

एका अंधाऱ्या घरात दलाल म्हणाला, "इथे उन्हाळ्यात काय गारवा असतो म्हणता!"

"आणि थंडीत काय असतं?" आत्याने विचारलं.

दुसऱ्या एका घरात तो म्हणाला, "मोठा रस्ता अगदी जवळ."

"हो ना," आत्या खिडकी लावत म्हणाली, "स्वयंपाकघरातूनच जातोय."

धाकटा पोट धरून हसला. दलालाने तिचं नाव 'इन्स्पेक्टर मॅडम' ठेवलं आणि नवं घर दाखवायचं झालं की आधी फोनवर विचारायचा, "मॅडम येणारेत का? नाही, म्हणजे, मी आधी नळ बघून घेतो."

शेवटी जे घर घेतलं ते आत्याच्याच डोळ्यांनी घेतलं म्हणायला हरकत नाही. तिसरा मजला, एक निजायची खोली, एक छोटी खोली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान. स्वयंपाकघराला लागून काचा लावलेली एक चिंचोळी गॅलरी होती. धाकटी भावजय कमरेवर हात ठेवून तिथे उभी राहिली आणि म्हणाली, "हा कोपरा मशीनला झकास आहे. उजेड आहे, प्लगही आहे."

तिच्या पायाच्या शिवणमशीनला धाकट्यानेच मागे मोटर बसवून दिली होती, तेव्हा प्लग लागायचाच. पण भावजयीने ते आपण होऊन लक्षात ठेवावं! सगळे पुढच्या खोलीत गेल्यावर तिने वितीने कोपरा मोजला. मशीन बसत होतं, स्टूलही बसत होतं, आणि उजेड डावीकडून येत होता, शिवणाऱ्याला हवा तसा. दुसऱ्या दिवशी तिने हॉस्पिटलमध्ये इस्त्रीवालीला ते सांगितलं.

इस्त्रीवाली तिची जुनी सोबतीण. तोंडाने फटकळ. वाफेत उभं राहून राहून तिचा स्वभावही वाफेसारखा झाला होता, जवळ गेलं की चटका बसायचा.

"खोली कुठली दिली तुला?" तिने इस्त्री आपटत विचारलं.

"अगं, खोलीचं ठरेल. पण मशीनचा कोपरा ठरलाय."

"म्हणजे मशीनला जागा मिळाली. तू कुठे झोपणार, मशीनखाली?"

"तुझं आपलं काहीतरीच," आत्या म्हणाली, आणि निघून आली. त्या आठवड्यात तिने शिवणाच्या डब्यातल्या उरलेल्या चिंध्यांची, फुलाफुलांची, स्टुलावर घालायला एक गादी शिवली.

बांधाबांध सुरू झाली तशी आत्याने रजा काढली. हॉस्पिटलच्या औषधभांडारातून ती रिकामी खोकी घेऊन आली, सलाइनच्या बाटल्यांची, चांगली जाडजूड. मधल्याच्या खोक्यांना लाल पट्टी, धाकट्याच्या खोक्यांना निळी. एवढ्या वर्षांचा एकत्र संसार दोन रंगांत वाटायचा म्हणजे तारेवरची कसरत. मोठं पातेलं कोणाचं, घड्याळ कोणाचं, वडिलांची आरामखुर्ची कोणाची? दोन्ही भावजया एकमेकींना "तुम्हीच घ्या हो" म्हणायच्या आणि दोघींच्याही नजरा वस्तूवरून हलायच्या नाहीत. मग आत्या निवाडा करायची. "पातेलं हिला, हिच्याकडे चार तोंडं आहेत. घड्याळ तिकडे, तिकडे नातवंड येणार, दुधाच्या वेळा बघायला लागतील." तिचा शब्द कोणी मोडला नाही. ताटल्या ती आडव्या रचायची नाही, उभ्या लावायची, मध्ये जुन्या अभ्र्यांच्या घड्या. आडव्या ताटल्या वरच्या वजनाने फुटतात, उभ्या टिकतात. सगळं काचसामान तिने असं बांधलं की वरून उडी मारली तरी तडा जाऊ नये.

सामान किती आहे ते बघायला एक दिवस सामान हलवणारा कंत्राटदार आला. कानावर पेन्सिल, पोट पुढे, बोलणं कमी. प्रत्येक खोलीत जाऊन तो वस्तूंना खडूच्या खुणा करत होता. मधल्याच्या गाडीसाठी फुली, धाकट्याच्या गाडीसाठी गोल. दोन्ही भाऊ त्याच्या मागे, भावजया त्यांच्या मागे, आणि आत्या सगळ्यात शेवटी, चहाचा ट्रे घेऊन.

बोळात येऊन तो थांबला. ट्रंक, गुंडाळलेली गादी, शिवणमशीन.

"हे कुठल्या गाडीत?" त्याने विचारलं.

"दादाच्या," धाकटा म्हणाला.

"ह्याच्या," मधला म्हणाला.

दोघे एकाच वेळी बोलले. दोघांची बोटंही एकमेकांकडे होती. कंत्राटदाराचा खडू हवेतच राहिला.

आत्याने चहाचा ट्रे ट्रंकेवर टेकवला.

"म्हणजे ताई, तू तिकडे..." धाकट्याने सुरुवात केली.

आत्याने धाकट्या भावजयीकडे बघितलं. "तो गॅलरीतला कोपरा... तू मशीनसाठी म्हणाली होतीस ना गं?"

भावजयीचा चेहरा उतरला. "हो ताई... म्हणजे, कपड्यांचं मशीन. धुण्याचं."

"माझंही कपड्यांचंच आहे," आत्या म्हणाली.

कंत्राटदार अडाणी असेल, पण माणूस शहाणा होता. "मी तोवर बाहेरची कपाटं बघतो," असं पुटपुटत तो निघून गेला.

त्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. मधला म्हणाला, "ताई, तुझी नोकरी या शहरात. निवृत्तीला अजून वेळ आहे. मी समजूनच चाललो होतो की तू ह्याच्याकडे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. धाकटा म्हणाला, "वहिनीच म्हणाली ना, बाळ येणार, हाताशी अनुभवी माणूस हवं? मला वाटलं तुमचं बोलणं झालंय. मला उलट वाईटच वाटत होतं." तेही खोटं नव्हतं. मधली भावजय म्हणाली की तिने हाताशी माणूस म्हणजे कामाला बाई म्हटलं होतं. एवढं बोलून तिने जीभ चावली.

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते हेच," आत्या म्हणाली. तिला वाटलं कोणीतरी हसेल.

मग सगळे एकदम बोलायला लागले. मधला म्हणाला आमच्याकडे चल, राजीनामा दे, काय ठेवलंय त्या चादरींत. धाकटा म्हणाला छे, प्रश्नच नाही, तू आमच्याकडे. बाहेरच्या खोलीत सोफा घेतोय, तो उघडला की पलंग होतो. धाकटी भावजय म्हणाली, "सोफा कशाला? छोट्या खोलीत दोघी राहतील."

छोटी खोली भाचीची होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिला दार लावता येईल अशी जागा मिळणार होती. भिंतीला कुठला रंग द्यायचा त्याचे कागदाचे नमुने तिने महिनाभर वहीत घालून मिरवले होते. आईचं बोलणं ऐकून तिने आधी वडिलांकडे बघितलं, मग ताटाकडे.

"चालेल," ती हळूच म्हणाली.

रडली नाही, पाय आपटले नाहीत. आत्या तिच्याकडे बघतच राहिली. त्या 'चालेल'मध्ये तिला स्वतःचा आवाज ऐकू आला होता. गादी आतल्या खोलीतून बाहेर आली तेव्हाचा, बाहेरून बोळात आली तेव्हाचा. अगदी तसाच, खाली मान घालून, कोणाला त्रास होणार नाही इतक्या हळू.

"बघू," आत्या म्हणाली. "अजून वेळ आहे. आधी जेवा, गार होतंय."

दुसऱ्या दिवशी रजा असूनही ती हॉस्पिटलमध्ये गेली. इस्त्रीवालीने सगळं ऐकून घेतलं. आत्याला वाटलं आता ही भावांचा उद्धार करणार, पण ती बराच वेळ एकाच अभ्र्यावरून इस्त्री फिरवत राहिली.

"माझ्या दिराचं सायकलचं दुकान आहे," ती म्हणाली. "वर एक खोली रिकामी आहे. पलंग आहे, न्हाणीघर आतच. आधीचा भाडेकरू पळाला, म्हणे पंक्चरच्या गोंदाचा वास येतो. नाजूक होता मेला."

"मला एकटीला खोली घेऊन काय करायचंय?"

"राहायचंय. बाकीचे काय करतात खोलीत?"

आत्या येताना खोली बघून आली. नळ सोडला, कपाटाचा वास घेतला, मधोमध उभी राहून डोळे मिटले. वरून काही आवाज आला नाही. खालून सायकलच्या घंटा वाजत होत्या.

घरी सांगितलं तेव्हा गदारोळ झाला. "लोक काय म्हणतील?" मधला ओरडला.

"लोकांना सांग, ताईने घर केलं."

"भाड्याची एक खोली म्हणजे घर?"

"मग भाड्याची खोली केली असं सांग. खोटं कशाला बोलायचं?"

धाकटा सगळ्यात जास्त भांडला. हातवारे केले, टेबलावर मूठ आपटली, मी हे होऊ देणार नाही म्हणाला. पण आत्याने नाही नाही म्हणत शेवटी "माझं ठरलंय" म्हटलं, तेव्हा त्याचे खांदे हलकेच खाली आले. शाळेत असताना काही दुखतं म्हणून त्याला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी सुई नको म्हटलं की यायचे तसेच. त्याला स्वतःला ते कळलं नाही. आत्याला कळलं. ते खांदे ती त्याच्याही आधीपासून ओळखत होती. तिला त्याचा राग आला नाही, पण ते खाली आलेले खांदे पुढे बरेच दिवस तिच्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत.

मग तिचं स्वतःचं सामान बांधायची वेळ आली. ट्रंक बांधलेलीच होती, मशीनला चादर गुंडाळली, गादीला दोरी. एवढं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याजवळ एक चमचासुद्धा नाही. स्वयंपाकघर सगळं लाल नाहीतर निळं झालेलं. त्या खोक्यांत तिने आणलेल्या कढया होत्या, तिने निवडलेल्या बरण्या होत्या, पण त्या घराच्या होत्या, आणि घराचे तिनेच दोन भाग केले होते. तिसरा भाग करायचं तिला सुचलंच नव्हतं. एक निळं खोकं उघडून चमचा, ताटली काढून घेतली असती तर कोणी अडवणार नव्हतं. तिने पट्टीच्या टोकाला नख लावलंही. मग सोडून दिलं. इतकं छान बांधलेलं खोकं उघडायचं तिच्या जिवावर आलं.

ती बाजारात गेली. "एक ताटली, एक वाटी, एक पेला," दुकानदाराला म्हणाली.

"सुटं देत नाही बाई. सहाचा संच आहे."

"मी एकटीच आहे हो."

"कोणी येईल-जाईल," दुकानदार म्हणाला आणि संच बांधायलाही लागला. ती सहा ताटल्या, सहा वाट्या, सहा पेले घेऊन आली.

निघायच्या दिवशी आधी मधल्याची गाडी भरली, मग धाकट्याची. मधली भावजय तिच्या गळ्यात पडून रडली, आणि ते रडणं खरं होतं. पाठीला पाठ लावून राहिलं तरी इतकी वर्षं ऊब मिळतेच. भाची निघताना तिच्या कानाशी म्हणाली, "आत्या, माझ्यामुळे का गं?"

"वेडी आहेस. तुझ्यामुळे मला सुचलं," आत्या म्हणाली.

गाड्या एकाच फाटकातून बाहेर पडल्या आणि एक डावीकडे वळली, एक उजवीकडे. आत्याचं सामान सकाळीच सायकलवाल्याने हातगाडीवरून नेलं होतं. ती मागे थांबली होती, कारण दुसऱ्याचं घर घाण ठेवून जायचं नसतं. तिने सगळ्या खोल्या झाडल्या, पुसल्या. कपाटांमागची जळमटं काढली. रिकाम्या घरात तिच्या स्वतःच्या पावलांचा आवाज येत होता. तिला तो ओळखीचा वाटेना, आणि दोनदा तिने मागे वळून कोण आलं ते पाहिलं. बोळ सगळ्यात शेवटी पुसला. सामान नसताना तो फारच लहान दिसत होता. इथे आपण पाय कसे लांब करत होतो कोण जाणे. मग दाराला कुलूप लावून तिने किल्ली शेजारणीकडे दिली.

"आता कुठे?" शेजारणीने विचारलं. "धाकट्याच्या नव्या घरी ना? मजा आहे बाई तुमची!"

"हो," आत्या म्हणाली. इतक्या सगळ्या गोष्टी जिन्यात उभं राहून कशा सांगायच्या?

नव्या खोलीत वासाची सवय दोन दिवसांत झाली. शांततेची होईना. दिवसभर खाली पंपाची फुसफूस, हातोडीचे ठोके, पोरांची भांडणं. संध्याकाळी दुकानाचं शटर खाली आलं की एकदम कान बंद झाल्यासारखं व्हायचं. जन्मभर ती ऐकणारी बाई होती. कोण खोकलं, कोण उठलं, कोणाचं दार वाजलं, यावर तिचा दिवस चालायचा. आता ऐकायलाच काही नव्हतं. ती कामावरून मुद्दाम उशिरा निघायला लागली. उद्याच्या चादरी आजच फाडून ठेवायची. शेवटी इस्त्रीवालीने दिवा मालवला. "घरी कोणी वाट बघत नाही म्हणून हॉस्पिटलचं विजेचं बिल वाढवू नकोस. चल, ऊठ." वरून कडक बोलली, पण त्या दिवशी ती आपल्या घरी जायचं सोडून आत्याबरोबर दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत चालत आली.

स्वयंपाकाचंही गणित जमेना. बटाटे सोलायला बसली की हात थांबायचा नाही. भात कमी घातला तरी दोन दिवस पुरायचा. एकदा उरलेलं खाली सायकलवाल्याला दिलं, तर तो अवघडून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने डबा घासून, वर दोन अंडी घालून परत पाठवला. परतफेड झाली, ओळख तिथेच थांबली.

धाकट्याने नव्या घरी जेवायला बोलावलं. आत्या गेली. घर सुंदर लागलं होतं. भाचीने हाताला धरून खोली दाखवली, भिंती फिकट जांभळ्या, खिडकीत दिवा. "आज इथेच झोप ना," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. जेवणाच्या वेळी आत्या सवयीने उठली आणि स्वयंपाकघरात गेली. वाढायला पळी हवी होती. तिने एक खण उघडला, दुसरा उघडला. पळी कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं.

"ताई, तुम्ही बसा हो!" भावजय धावत आली. "तुम्ही कशाला? आज तुम्ही आरामात जेवा."

ती चांगल्या मनानेच बोलली. आत्या बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला सगळ्यांच्या आधी वाढलं गेलं. भाजी चांगली झाली होती, मीठही बरोबर होतं. घास मात्र तोंडातच फिरत राहिला. निघताना भावजयीने उरलेलं डब्यात बांधून दिलं, आणि धाकट्याने खाली येऊन रिक्षा करून दिली.

मधल्याला नातू झाला. त्याने फोन करून बाळाचं रडणं ऐकवलं. "ओळख बघू, कोणावर गेलाय?" त्याने विचारलं.

"रडण्यावरून तर तुझ्यावरच," आत्या म्हणाली. दोघे हसले. मग पलीकडून कोणीतरी त्याला हाक मारली आणि फोन ठेवला गेला. आधी फोन रोज यायचे, मग रविवारचे, मग काही विशेष असलं की. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. माणसं आपापल्या घरात रुळत होती.

एक दिवस, आत्याच्या सुट्टीच्या दुपारी, धाकटा अचानक आला. म्हणाला, इकडेच काम होतं. कसलं ते सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. तिने पाव भाजला, अंडी केली, नव्या संचातली दुसरी ताटली पहिल्यांदा काढली. त्याने खाल्लं आणि जरा टेकतो म्हणून तिच्या पलंगावर आडवा झाला. बघता बघता घोरायला लागला, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात गालाखाली. केस पिकायला लागलेला बाप्या माणूस, पण झोपायची तऱ्हा तीच. आत्या स्टुलावर बसून राहिली. शिवायचं काम समोर होतं, पण मशीनचा आवाज होईल म्हणून तिने हात लावला नाही.

तो जागा झाला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. उठून बसला, खोलीभर नजर फिरवली. एक पलंग, एक मशीन, एक ट्रंक, एक खिडकी.

"ताई, करमतं का गं तुला इथे?"

आत्याच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. जन्माची सवय. पण तिने ते गिळलं.

"नाही रे," ती म्हणाली. "नाही करमत."

धाकट्याने मान खाली घातली. "मग चल ना. आत्ता चल. मी खरंच म्हणतोय."

"माहितेय तू खरं म्हणतोस. पण तिथेही नाही करमणार. मला तुमच्याकडची पळीसुद्धा सापडली नाही."

"सापडेल की. चार दिवस राहिलीस की सापडेल."

"हो, सापडेल. मग गादीला जागा बघायची, मग पुन्हा कोणीतरी 'चालेल' म्हणायचं." ती थांबली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. रडायला आलं तर रड, पण वाईट वाटून घेऊ नकोस. इथे करमत नाही, पण इथे मी आहे हे मला कळतं. तिथे ते कळत नसे."

त्याला सगळं समजलं असेल असं नाही. तो रडलाही नाही. बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत बसला. मग म्हणाला, "मी येत जाऊ का मधूनमधून? असाच? काम नसताना?"

"ये. घोरायचं कमी कर, खालपर्यंत ऐकू जातं."

ती त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. बस आली, तो चढला, खिडकीतून हात केला. बस वळणाआड गेल्यावरही ती थोडी उभी राहिली. पुढे तो खरोखरच येत राहिला. दर आठवड्याला नाही, कधी महिना महिना नाही, पण आला की काम होतं असं सांगणं त्याने सोडलं.

ती परत आली तेव्हा सायकलवाला शटर ओढत होता. "कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

"धाकटा भाऊ," आत्या म्हणाली आणि जिना चढली. पलंगावरच्या चादरीला अजून त्याच्या अंगाचा खळगा होता. तिने तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मग चादर झटकून नीट केली, दिवा लावला आणि दोनच बटाटे घेऊन सोलायला बसली.